बाई, तुम्ही आम्हाला विचारलंच नाही

रोज सकाळी सहा-सव्वासहाला मी दुर्गा टेकडीकडे फिरायला निघते. निगडीकरांना ही टेकडी सांगायला नको. बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी सांगते, की झाडी आहे, पायवाटा आहेत आणि सकाळी आमच्यासारख्या निवृत्तांची तिथे जत्राच असते. कोणी हात फिरवतंय, कोणी जोरजोरात हसतंय, कोणी नुसतंच सुनेबद्दल बोलतंय.

त्याच वेळी रस्त्याच्या कडेला कंपनीच्या बसची वाट बघत माणसं उभी असतात. अंगात कंपनीचा शर्ट, पाठीला सॅक, सॅकमध्ये डबा, पायात जड सेफ्टी शूज. सातची पहिली पाळी गाठायची असते. आम्ही त्यांच्या समोरून हात हलवत, ताठ मानेने जातो.

परवा आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ त्यांच्याकडे बघून म्हणाले, "तिशीतच पोटं सुटलीत बघा या पोरांची. जरा चालत गेली कंपनीत तर काय बिघडेल? पण जागृतीच नाही हो!"

मी काही बोलले नाही. कारण चौदा-पंधरा वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते. नुसतं म्हणत नव्हते, तर त्यावर उपाय करायलाही निघाले होते. त्या उपायाची फजिती आज सांगायची आहे, आणि त्यातून माझं जे मत झालं तेही.

मी शाळेतून निवृत्त झाले त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. सवय जात नव्हती. समोर कोणी बसलेलं असावं आणि आपण चार चांगल्या गोष्टी सांगाव्यात, असं वाटत राही. २०११ च्या जानेवारीत आम्ही चौघी मैत्रिणींनी ठरवलं, की भोसरीकडच्या एका कामगार वस्तीत सकाळचा व्यायामवर्ग सुरू करायचा. फी नाही. सतरंज्या आमच्या. शिकवायला एक निवृत्त पीटीचे सर. वेळ सकाळी सहा ते पावणेसात. शिवाय दर रविवारी एका डॉक्टरांचं व्याख्यान. मी माझ्या सुवाच्य अक्षरात फलक लिहिले, 'आरोग्य हीच संपत्ती'. चाळीसेक वर्षं फळ्यावर लिहून सराव झालेला होताच!

पहिल्या दिवशी अकरा जण आले. त्यांतले सात निवृत्त. दुसऱ्या आठवड्यात पाच. महिनाअखेरीस तीन, त्यात एक मी आणि एक पीटीचे सर.

मला फार राग आला. फुकट देऊनही घेत नाहीत म्हणजे काय! त्याच वस्तीत माझा एक जुना विद्यार्थी राहत होता. दहावीला माझ्या मराठीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. पुढे आयटीआय करून एका कंपनीत प्रेस शॉपला लागला. (त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही.) तो रस्त्यात भेटला तेव्हा मी त्याला वर्गात झापायचे तसंच झापलं. "तुम्हाला स्वतःच्या शरीराची काळजी नाही. आळशी झालात सगळे."

तो खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "बाई, सहाला तर बस येते. तिसऱ्या पाळीचे लोक आठला घरी येतात, ते तेव्हा झोपतात. आणि रविवारी कंपनी चालू असते. आमची सुट्टी गुरुवारी." थोडं थांबून म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला विचारलंच नाही."

खरं सांगते, इतकी वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये राहून मला हे माहीत होतं. इथल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी बाजारात गर्दी असते, गुरुवारी शाळेत पालक भेटायला येत. तरी व्याख्यान ठेवलं रविवारी, कारण रविवार ही माझी सुट्टी!

असो. ही झाली फजिती.

मागच्या दिवाळीत माझ्या भाच्याची मुलगी आली होती. ती सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करते. तिला मी हा किस्सा सांगितला तर ती हसत सुटली. म्हणाली, "आजी, याला आमच्यात सोशल मार्केटिंगचा अभाव म्हणतात." मला वाटलं सोशल मार्केटिंग म्हणजे फेसबुकवरच्या जाहिराती. तसं नाही. साबण विकणारा ज्या कौशल्याने साबण विकतो, त्याच कौशल्याने समाजाच्या हिताची सवय लोकांच्या गळी उतरवायची, असा त्याचा अर्थ. कोटलर आणि झाल्टमन या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी १९७१ साली हा शब्द रूढ केला. मराठीत 'सामाजिक विपणन' म्हणतात म्हणे. विपणन हा शब्द मी जन्मात कुणाच्या तोंडून ऐकला नाही, म्हणून मी आपलं 'समाजहिताचा बाजार' म्हणते.

पण गंमत बघा, नाव अमेरिकेतून आलं तरी काम आपल्याकडे त्याच्या तीन वर्षं आधीच सुरू झालं होतं. माझ्या वयाच्या वाचकांना लाल त्रिकोण आठवत असेल. १९६८ मध्ये सरकारने 'निरोध' बाजारात आणला. तो फक्त दवाखान्यात ठेवला नाही. चहा, साबण, बॅटरीचे सेल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतून तो गावोगाव किराणा दुकानांत आणि पानाच्या टपऱ्यांवर पोचवला. किंमत १५ पैशांना तीन. मी तेव्हा कॉलेजात होते आणि ती पाटी दिसली की आम्ही मुली मान वळवून चालायचो. पण ज्या माणसाला डॉक्टरसमोर तोंड उघडायची लाज वाटे, त्याला ती वस्तू विडीच्या बंडलाबरोबर मिळू लागली, हे केवढं डोकं! पुढे आणीबाणीत, १९७५ ते ७७ या काळात, त्याच कुटुंबनियोजनाची सक्ती झाली, लोकांना धरून नेऊन नसबंदी केली, आणि सगळ्या कामावरचाच लोकांचा विश्वास उडाला. मन वळवणं आणि हात पिरगाळणं यांतला फरक आपण एकाच दशकात पाहिला.

तर, या बाजाराला चार गोष्टी लागतात असं नात सांगत होती. वस्तू काय, किंमत किती, मिळणार कुठे, आणि मग शेवटी जाहिरात. मी या चारांपैकी फक्त शेवटची केली होती. फलक रंगवले होते.

आता प्रत्येक गोष्ट कामगाराच्या बाजूने बघू.

आधी वस्तू. आपण त्याला व्यायाम द्यायला जातो. तो म्हणतो, "दिवसभर उभा असतो, उचलाउचल करतो, अजून कसला व्यायाम?" यात त्याचं काय चुकलं? माझ्या त्या विद्यार्थ्याला २०१९ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, हार्ट अटॅक आला. अँजिओप्लास्टी झाली. मी बघायला गेले तेव्हा डॉक्टर त्याला व्यायाम किती करता असं विचारत होते आणि तो कॉटवर पडल्या पडल्या अगदी मनापासून सांगत होता, "साहेब, आठ तास पायावर असतो, ओटी असली तर बारा." त्याच्या चेहऱ्यावर आपल्यावर अन्याय झाल्याचा भाव होता. मला त्याचं उत्तर तेव्हा येत नव्हतं. नंतर वाचून थोडंफार कळलं, ते सांगते.

लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९५३ मध्ये दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिने चढउतार करणारा. हृदयविकाराचं प्रमाण कंडक्टरांत कमी निघालं. हालचालीमुळे हृदयाचं रक्षण होतं, हा विचार तिथून पक्का होत गेला. मॉरिस प्रामाणिक माणूस. त्यांनीच १९५६ मध्ये गणवेशांची मापं तपासून दाखवलं, की ड्रायव्हरांच्या कमरा मुळातच रुंद होत्या, म्हणजे सगळा फरक जिन्याचाच असं नव्हे. स्वतः ते ९९ वर्षं जगले.

पण पुढच्या अभ्यासांत एक कोडं दिसू लागलं. २०२१ मध्ये कोपनहेगनमधल्या एक लाखाहून जास्त लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात जे जास्त हालचाल करत त्यांना हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी होता. आणि ज्यांचं कामच अंगमेहनतीचं होतं त्यांना धोका उलट जास्त! याची कारणं शास्त्रज्ञ अजून चर्चेत घोळवतायत. मेहनतीचं काम करणाऱ्याची मिळकत, झोप, तंबाखू हे सगळं वेगळं काढणं सोपं नाही. पण एक गोष्ट आपल्यालाही पटेल. टेकडीवर मी अर्धा तास चालते, दम लागला की बाकावर बसते, घरी येऊन चहा पिते. प्रेसवरचा माणूस आठ तास त्याच जागी, त्याच हाताने, तेच ओझं उचलतो. दमला म्हणून बसायची सोय नाही. लाईन थांबत नाही. पाय उभे राहून राहून सुजतात, पण छाती फुलेल, दम वाढेल असं त्यात काही नसतं. शरीर झिजतं आणि तरी त्याला व्यायाम होत नाही.

जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते, की प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल करावी. ठीक आहे. पण फलकावर १५० मिनिटं लिहून कामगार येणार नाही. त्याला हवं आहे ते वेगळंच. पाठदुखी थांबायला हवी आहे. झोप यायला हवी आहे. चार मित्रांबरोबर तासभर मजा हवी आहे. तीच आपली वस्तू. व्यायाम त्याच्या पोटात गुपचूप जाऊ द्यावा, आई कडू औषध मधातून देते तसा.

हे मला माझ्या लहानपणावरून कळायला हवं होतं. माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं. संध्याकाळी खोलीत जागा नाही म्हणून मुलं आणि बापे खाली मैदानात. कबड्डी चालायची, व्यायामशाळेत मल्लखांब, दंडबैठका. चांगल्या खेळाडूला गिरणीच्या संघात मान असे. कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा असत. तिथे कोणी "हृदयासाठी कबड्डी खेळा" असं सांगत नव्हतं. नाव होईल, पदक मिळेल, चाळीची इज्जत राहील म्हणून माणसं खेळत. १९८२ च्या संपानंतर हळूहळू गिरण्या गेल्या, आणि गिरण्यांबरोबर ते संघही गेले. नव्या औद्योगिक वसाहतींत यंत्रं आली, पण मैदानं तेवढी आली नाहीत.

दुसरी गोष्ट किंमत. इथे आपली सगळ्यात मोठी चूक होते. मी म्हणत होते, वर्ग फुकट आहे. फुकट कसा? पहाटेची पाऊण तास झोप ही किंमत होती. ती मी त्याच्याकडून मागत होते, जो आधीच झोपेला मुकलेला आहे. कंत्राटी मुलाला तर हजेरीवर पैसे. तो ओटी सोडून व्यायामाला आला तर किती रुपये बुडतात याचा हिशेब आपण टेकडीवरून करत नाही.

जपानचं उदाहरण नातीने सांगितलं. तिथे १९२८ पासून रेडिओवरून व्यायाम लावतात. 'रेडिओ ताईसो' म्हणतात त्याला. पियानोच्या तालावर काही मिनिटांच्या साध्या हालचाली. महायुद्धानंतर काही काळ बंद पडला होता, १९५१ मध्ये पुन्हा नव्या रूपात आला. अजूनही तिथे कितीतरी बांधकामांवर आणि कारखान्यांत काम सुरू करण्याआधी सगळे मिळून तो करतात. हेल्मेट घातलेले, सेफ्टी शूज घातलेले. म्हणजे ठिकाण कामाचंच, कपडे कामाचेच, शिकायला सोपं आणि साहेबही त्याच रांगेत. गवंडीही हात वर करतो आणि इंजिनिअरही.

आपल्याकडेही काही कंपन्यांनी हे उचललं आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या कंपनीतही सुरू झालं. (अँजिओप्लास्टीनंतर त्याला प्रेसवरून स्टोअरमध्ये टाकलं आहे.) पण सुरुवातीला फर्मान निघालं, की पाळीच्या दहा मिनिटं आधी या आणि व्यायाम करा. म्हणजे कामगाराच्या वेळेत! पहिले काही दिवस भीतीने आले, मग पंचिंगच्या मशीनपाशी रेंगाळायला लागले. मॅनेजर म्हणाले, यांना आरोग्याची जाण नाही. पुढे युनियनशी बोलणी होऊन तीच दहा मिनिटं पाळीच्या आत घेतली, पगाराच्या वेळेत. आता सगळे करतात, कंत्राटी मुलंसुद्धा. तो मला सांगत होता, "बाई, व्यायाम तोच आहे. फक्त घड्याळ बदललं."

माझं मत जे काही आहे ते या एका वाक्यात आलं. कामगाराने हालचाल करावी असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने किंमतीतला आपला वाटा उचलावा. मालकाने दहा मिनिटं द्यावीत, महापालिकेने वस्तीत मैदान द्यावं आणि ते गुरुवारी उघडं ठेवावं. आमच्यासारख्यांनी उपदेशाऐवजी चौकशी द्यावी. मग जाहिरात करा, पोस्टर लावा, नट-नट्यांना बोलवा. आधीच्या तीन गोष्टी नसतील तर जाहिरात म्हणजे नुसतं झापणं, मी भर रस्त्यात झापलं होतं तसं.

कोणी म्हणेल, बाई, तंबाखू सोडायला, तेलकट कमी खायला पैसे लागतात का? माणसाची स्वतःची काही जबाबदारी आहे की नाही? आहे ना! माझा विद्यार्थी दिवसातून चारदा तंबाखू मळायचा, आणि तो अटॅक कंपनीने आणला असं मी म्हणणार नाही. पण टेकडीवर येणाऱ्या आम्हा लोकांची तरी इच्छाशक्ती कुठे फार मोठी? आम्हाला पेन्शन आहे, वेळ आहे, पायाखाली महापालिकेने केलेली वाट आहे. एवढं मिळूनही पाऊस पडला की निम्मे जण घरी! माझ्या मुलाने मला पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलंय. दहा हजारांचा तो आकडाही म्हणे १९६५ मध्ये जपानमधल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, त्या यंत्राच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचा मीटर'. म्हणजे मीही कुणाच्यातरी बाजारात गिऱ्हाईकच आहे की. आणि बरंच आहे ते, मी चालते तरी.

आता त्या वस्तीचं पुढे काय झालं ते सांगते. त्या दिवशीच्या बोलण्यानंतर मी त्यालाच विचारलं, "मग काय करूया?" त्याने दोन दिवसांनी येऊन सांगितलं, गुरुवारी दुपारी चारला, रिकाम्या प्लॉटवर, व्हॉलीबॉल. मी पेन्शनमधून एक बॉल आणि जाळी आणली. पहिल्या गुरुवारी आठ जण आले, दिवाळीपर्यंत तीन संघ झाले. रात्रपाळीवाले डोळे चोळत यायचे. पोटं सुटलेली मंडळी धापा टाकत उड्या मारायची आणि एकमेकांना शिव्या घालायची (मी आले की जरा कमी). व्याख्यान एकही झालं नाही.

बायका मात्र आल्या नाहीत. असेंब्ली लाईनवर काम करणाऱ्या दोघी-तिघींना मी या वेळी विचारलं. त्या म्हणाल्या, "गुरुवारी आठवड्याचं धुणं असतं हो. आम्हाला कंपनीतच कायतरी करा, घरी पाय ठेवला की आमची दुसरी पाळी सुरू." २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आकडे दिले, की भारतात निम्म्याच्या आसपास प्रौढांना पुरेशी हालचाल मिळत नाही, पुरुषांत ४२ टक्के आणि बायकांत ५७ टक्के. दिवसभर राबणाऱ्या बाईला हे सांगायला गेलं तर ती लाटणं घेऊन मागे लागेल. पण त्या दोघींचं म्हणणं ऐकलं तर उत्तर त्यांनीच दिलंय, कामाच्या जागी आणि कामाच्या वेळेत.

व्हॉलीबॉल सव्वा वर्ष चालला. मग त्या प्लॉटवर इमारत आली. जाळी माझ्या माळ्यावर आहे. दुसरं मैदान शोधायला हवं होतं, मी दोन ठिकाणी अर्ज केले आणि मग गुडघ्याचं ऑपरेशन निघालं नि राहून गेलं. २०१९ मध्ये तो हॉस्पिटलमध्ये असताना मला त्या माळ्यावरच्या जाळीची आठवण झाली. मैदान राहिलं असतं तर अटॅक टळला असता असं कोण सांगणार? पण आठवण झाली खरी.

आता तो पहिली पाळी संपली की बायकोला घेऊन संध्याकाळी चालायला जातो. कधी टेकडीवर भेटतो. मी चुकूनही "छान, रोज येत जा" म्हणत नाही. झोप होते का विचारते.

परवाच्या त्या गृहस्थांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, म्हणून हे लिहिलं. ते हे वाचतात, मला माहीत आहे. उद्या सकाळी बसची वाट बघणाऱ्या पोरांपाशी दोन मिनिटं थांबूया का? काही सांगायचं नाही. नुसतं विचारायचं, तुमची सुट्टी कधी असते?

तुमच्यापैकी कोणाच्या घरी, शेजारी कारखान्यात जाणारं कोणी असेल तर त्यांचं म्हणणं मला जरूर कळवा. आणि भोसरीकडे एखादं रिकामं मैदान कोणाला ठाऊक असेल तर तेही. जाळी अजून चांगली आहे.